हात लावून सांग

आधी मावशीचं सांगतो, मग जे झालं ते. मयेची मावशी (मये हे इथलं जवळचं गाव) आमच्या यार्डात चहा द्यायची आणि टाकीच्या तोंडाशी बसायची. आज हे लिहायला मी आहे तो तिच्यामुळे, आणि आमचे मेस्त्री आहेत तेही तिच्यामुळेच. लिहितोय म्हणून विचारलं तेव्हा म्हणाली, "नाव कित्याक घालता? मयेची मावशी म्हण, पुरे." म्हणून नाव नाही. माझंही नाही. माझं शिक्षण नववीपर्यंत, तेही अर्धं. चुकलंमाकलं सांभाळून घ्या. पण झालं ते झालं तसंच लिहिणार आहे, कारण माझ्या डोक्यात ते अजून नीट बसलेलं नाही. जेवताना मध्येच घास हातात राहतो आणि मला ते गोल भोक दिसतं.

मी वाशिम जिल्ह्यातला. गोव्यात मोप्याला विमानतळाचं काम चालू होतं तेव्हा गावातल्या आठ-दहा जणांबरोबर लोखंड बांधायला आलो. काम संपलं, बाकीचे परत गेले, मी राहिलो. पेडण्याच्या बसस्टँडवर एकाने सांगितलं की डिचोलीकडे नदीवर बार्ज दुरुस्तीचं यार्ड आहे, तिथे हेल्पर लागतात. बार्ज म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. मी हो म्हणालो. हो म्हणायची सवय मला तेव्हापासूनच होती, हे आता कळतं.

यार्डात पूर्वी खाणीचा माल नेणाऱ्या बार्जी यायच्या. आता त्या कमी झाल्या, दुसऱ्याही येतात. त्या वेळी आली होती ती समुद्रातल्या तेलाच्या विहिरींकडे पाइप नि सामान नेणारी, बिनइंजिनाची सपाट बार्ज. टग नावाची छोटी बोट तिला ओढत नेते. वरून बघितलं तर नुसतं लोखंडाचं अंगण. पण त्या अंगणाखाली टाक्याच टाक्या, दोन्ही बाजूंनी रांगेने, बिनखिडकीच्या खोल्यांसारख्या. प्रत्येक टाकीला वर एक गोल तोंड, एक माणूस जेमतेम उतरेल एवढं, त्याला बोल्ट लावलेलं झाकण. आत उतरून गंज खरवडायचा, पातळ झालेला पत्रा शोधून खूण करायची, मग वेल्डर येणार. हे आमचं काम.

ती झाकणं कित्येक महिने उघडलेली नसतात. आत काय असतं? मी म्हणायचो, काही नाही, हवा असते. मावशीने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. "वारो नसता आत. गंज वारो खाता रे पुता. लोखंडाक गंज येता तो फुकट येना, आतलो वारो खावन येता." मला ती गंमत वाटली. वास नाही, धूर नाही, तर भ्यायचं कशाला? गेटवर फलक होता, त्यावर पडणाऱ्या माणसाचं चित्र आणि इंग्रजीत काहीतरी. आम्ही त्याच्याखाली डबे ठेवायचो.

नियम होते. झाकण उघडायचं, ब्लोअरचा जाड पाइप आत सोडायचा, बराच वेळ ताजी हवा मारायची. मग प्राणवायू मोजायचं मीटर दोरीला बांधून आत सोडायचं आणि आकडा बघायचा. कागदावर सह्या. तोंडाशी एक माणूस बसवायचा, त्याने हलायचं नाही. हे बसायचं काम कोणालाच नको असे, कारण त्यात काही करायचं नसतं. म्हणून ते मावशीकडे आलं. चहा आणि उंडे, म्हणजे इकडचे पाव, वाटून झाले की ती उपड्या बालदीवर येऊन बसायची. तिची स्वतःची एक पद्धत होती. थोड्या थोड्या वेळाने ती हातोडीने शेजारी काढून ठेवलेल्या झाकणावर तीनदा ठोकायची, आतल्याने तीनदा परत ठोकायचं. नाही ठोकलं तर ती अशा शिव्या द्यायची की दुसऱ्या बार्जवरची माणसं हसायची.

आमचे मेस्त्री सिंधुदुर्गातले, आरोंद्याकडचे. मोठ्या मिशा, मोठा आवाज. मला ते घाटीच म्हणायचे. "काय रे घाटी, माशाचो काटो काढूक येता काय? नाय? मगे लगीन कसला करतलंस?" पहिला महिनाभर त्यांनी स्वतःच्या डब्यातला बांगडा मला काटे काढून दिला, आणि एके दिवशी तसाच अख्खा पुढे ठेवला, म्हणाले, आता तुझा तू. माझा बाप मी लहान असताना गेला. म्हणून हा बांगडा मला जास्त आठवतो.

आता गाऱ्हाण्याचं सांगायला हवं, कारण सगळं त्यातच आहे. इकडे कुठलंही काम सुरू करायचं तर देवाला गाऱ्हाणं घालतात. नारळ ठेवायचा, एकाने मोठ्याने देवाला आणि जागेच्या राखणदाराला सांगायचं, आणि बाकीच्या सगळ्यांनी प्रत्येक वाक्यापाठी एका सुरात म्हणायचं, "व्हय महाराजा." आमच्याकडे असं नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

मेस्त्रींनी काय केलं, तर सकाळी जी सुरक्षेची माहिती द्यायची असते, तीही गाऱ्हाण्यातच घेतली. वेगळं बोललं की पोरं जांभया देतात, म्हणायचे. नारळ दर नव्या रांगेला, गाऱ्हाणं रोज. डेकवर सगळे गोल उभे राहायचे आणि ते सुरू करायचे.

"बा देवा महाराजा, ही बार्ज तुझ्या दारात इली हा. हिच्या पोटात जी पोरां उतरतली, ती जशी उतारली तशी वर येवंदेत रे महाराजा."

"व्हय महाराजा."

"झाकाण उघडलेला आसा रे महाराजा."

"व्हय महाराजा."

"ब्लोअर लायलेलो आसा रे महाराजा. मीटर बघलेला आसा रे महाराजा. तोंडार माणूस बसलेला आसा रे महाराजा."

"व्हय महाराजा. व्हय महाराजा. व्हय महाराजा."

बार्जच्या मालकांकडचे एक साहेब एकदा आले होते, त्यांनी मोबाइलवर याचा व्हिडिओ काढला. खूश झाले. बाकी यार्डात माणसं खाली बघून उभी असतात आणि इथे सगळे मोठ्याने उत्तर देतात, असं म्हणाले. आम्हालाही अभिमान वाटला. मला तर फार. दिवसभर मी घाटी, पण त्या एका सुरात माझा आवाज मिसळला की मी कुठला ते कोणाला कळत नसे.

त्या दिवशी डावीकडची रांग सुरू करायची होती, म्हणून नारळ होता. आदल्या दिवशी उजवीकडची शेवटची टाकी झाली होती. ब्लोअर तिथेच होता. सकाळी येऊन त्याचा पाइप डेकवरून पलीकडे नेऊन डावीकडच्या पहिल्या टाकीत सोडायचा, हे माझं काम. एवढंच माझं काम. मी आल्या आल्या ब्लोअर चालू केला, तेवढ्यात स्टोअरमधून हातमोजे आणायला पाठवलं. परत आलो तर सगळे गोल उभे होते आणि गाऱ्हाणं सुरू झालं होतं. मी मागे जाऊन उभा राहिलो.

"ब्लोअर लायलेलो आसा रे महाराजा."

मला माहीत होतं की पाइप हलवलेला नाही. हे मी लपवणार नाही. मला माहीत होतं. ब्लोअर धडधडत होता, सगळ्यांना त्याचा आवाज येत होता, आणि मधे पत्र्यांची चळत होती, त्यामुळे पाइप कुठे गेलाय ते दिसत नव्हतं. मी मनात म्हणालो, गाऱ्हाणं झालं की लगेच हलवतो. आणि तोंडाने म्हणालो, "व्हय महाराजा." गाऱ्हाण्याच्या मधे कोण थांबवतं? देवासमोर नाही कसं म्हणायचं? तेही मी?

मीटरच्या वेळीही सगळे व्हय म्हणाले. मीटर ऑफिसात चार्जिंगला लावलेलं होतं. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने आणून बघितलं असेल.

नारळ फुटला. मेस्त्रींनी हाक मारली, "रे घाटी, शेरनी वाट." शेरनी म्हणजे खोबऱ्याचे तुकडे. मी भक्कल, म्हणजे फुटलेल्या नारळाची वाटी, हातात घेऊन एकेकाला तुकडा देत फिरलो. कोणीतरी म्हणालं, मोठो दी रे, तुझ्या बापाचो नारळ हा काय. सगळे हसले, मीही हसलो. पाइप माझ्या डोक्यातून गेला. पूर्ण गेला. मी तेव्हापासून कितीदा आठवून बघितलंय की तो नेमका कधी गेला, पण ती जागा रिकामी आहे.

बाकीचे हत्यारं आणायला शेडकडे गेले. मेस्त्रींनी टॉर्च घेतली, तोंडात खोबरं टाकलं आणि म्हणाले, "मी जरा बघून येतंय." आणि शिडीवरून उतरले. मावशी किटली ठेवून बालदीवर येऊन बसली. मी बाजूला हातमोजे मोजत होतो.

तिने तीनदा ठोकलं.

आतून काही नाही.

"मेस्त," तिने हाक मारली. "ओ मेस्त. खोबरें गिळ आनी ठोक." मी हसलो. तिने पुन्हा तीनदा ठोकलं. मग ती वाकली आणि तिचा चेहरा बदलला. मीही वाकलो. शिडीच्या पायथ्याशी मेस्त्री कुशीवर पडले होते. टॉर्च बाजूला पडलेली, तिचा उजेड गंजलेल्या पत्र्यावर. झोपलेला माणूस असतो तसे. रक्त नाही, काही नाही. ओरडले पण नव्हते.

आमच्या गावात विहिरीत कोणी पडलं की जो जवळ असेल तो उडी मारतो. विचार करत नाही. मी शिडीवर पाय ठेवला. दुसरा ठेवला. कमरेपर्यंत आत गेलो. तेवढ्यात मागून शर्ट आवळला गेला.

"पाय वर काढ."

"मावशी, माणूस पडलाय."

"म्हाका दिसता. तू गेलो तर दोन पडतले. पाय वर काढ."

मी तिला ढकललं. ती माझ्या आईच्या वयाची, आणि मी तिला कोपराने छातीवर ढकललं. ती डेकवर बसकण मारून पडली, पण शर्ट सोडला नाही. दोन्ही हातांनी धरून बसली, पाय टाकीच्या तोंडाच्या कडेला रोवले. तिच्या काचेच्या बांगड्या फुटल्या, एक काच माझ्या खांद्याखाली शिरली. तो वण आहे अजून. मी रडत होतो बहुतेक. शिव्याही दिल्या. ती ओरडली नाही. अगदी हळू, पोराला समजावतात तसं, तिने विचारलं, "ब्लोअर खंय आसा रे?"

माझा सगळा जोर गेला.

मी वर आलो. पत्र्यांच्या चळतीपलीकडे पळालो. पाइप उजवीकडच्या टाकीच्या तोंडात, जिथे काल होता तिथेच, फुगून धडधडत होता. रिकाम्या टाकीत हवा भरत होता. मी तो उपसला आणि ओढत आणला, कसा आणला माहीत नाही, एरवी मला मदतीला आणखी एक लागतो. डावीकडच्या तोंडात सरळ मेस्त्रींच्या अंगावर सोडला. त्यांचा सदरा वाऱ्याने फडफडायला लागला. फक्त सदरा. ते हलत नव्हते.

मावशी तोवर हातोडीने झाकण बडवत होती. तीनदा नाही, सतत. शेजारच्या बार्जवर दोघे होते ज्यांना पाठीवर हवेची टाकी आणि तोंडावर मास्क घालून उतरायचं शिक्षण होतं. तो संच मालकांच्या नियमामुळे यार्डात होता, पण कपाटात, आणि कपाटाला कुलूप. त्यांनी कपाटाची काच फोडली. शेडकडून आमची माणसं धावत आली. त्यातला एक थेट भोकाकडे निघाला, तर मावशीने हातोडी उगारली. "मास्क नासताना जो उतरतलो ताची तकली फोडीन." तो थांबला. खरंच थांबला.

मेस्त्रींना पट्टा बांधून वर काढलं. ओठ निळे-राखाडी, आणि त्या ओठांना खोबऱ्याचा चुरा लागलेला. मी वाटलेलं खोबरं. एकाने छातीवर दाब द्यायला सुरुवात केली. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग त्यांच्या घशातून एक आवाज आला, बोट धक्क्याला घासते तसा, आणि ते ओकले. मावशी तेव्हा कुठे बालदीवर बसली. तिचं मनगट रक्ताने भरलं होतं आणि ती माझ्याकडे बघतही नव्हती.

ते इस्पितळात जिवंत आहेत हे संध्याकाळी कळलं. त्याच वेळी आमच्या ठेकेदाराने मला गेटबाहेर बोलावलं. "साहेब येतले चौकशीक. तू काय बोलू नको. बॅग भर आनी गावाक जा. परक्याचां नाव पयलां येतां." तो वाईट माणूस नाही. त्याला खरंच वाटत होतं की तो मला वाचवतोय. मलाही तेच वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग घेऊन पगाराच्या कागदासाठी यार्डात गेलो, तर गेटवर मावशी.

"खंय चल्ला?"

"घरी."

"बरें. वचचें आसा तर वच. पूण सांगून वच." वच म्हणजे जा. मग म्हणाली, "माझो पूत आयटीआयत फिटर शिकता. फाल्यां असल्याच टाकयेत उतरतलो. कशें जालें तें कोणेंच सांगलें ना, तर ताका कशें कळतलें?"

मी आत जाऊन बॅग तिच्या बालदीशेजारी ठेवली.

चौकशीला तेच व्हिडिओवाले साहेब होते. मला वाटलं होतं, टेबलामागे बसतील. ते डेकवरच उभे राहिले, सगळ्यांना गोल उभं केलं, जसे गाऱ्हाण्याला उभे असतो. मी हात वर केला आणि सांगितलं. पाइप मी हलवला नाही, मला माहीत होतं, तरी मी व्हय म्हणालो. कोणीतरी मागून म्हणालं, बघ, म्हटलां नव्हतां, घाटीच आसतलो. साहेब सगळ्यांकडे वळले. त्यांनी विचारलं, "ब्लोअर लावलाय याला आणखी कोण कोण व्हय म्हणालं?"

कोणी हलेना. मग एक हात वर गेला. मग दुसरा. मग हळूहळू सगळेच.

"आणि बघितलं होतं कोणी?"

सगळे हात खाली आले. एकही राहिला नाही. मला तो क्षण मेस्त्री पडले त्याहून भयानक वाटला. एवढी माणसं, एवढा मोठा आवाज, आणि त्या आवाजात काहीच नव्हतं. साहेबांनी हातातला मोबाइल खिशात ठेवला. मला वाटतं त्यांना त्यांचा व्हिडिओ आठवला असावा.

मावशी मागून म्हणाली, "हांव म्हणूंक ना. बायलांनी व्हय म्हणपाचें नसता."

खरंच होतं. गाऱ्हाण्याला फक्त पुरुष उत्तर देतात. सगळ्या यार्डात ज्या एका माणसाने व्हय म्हटलं नव्हतं, तेच माणूस जागं होतं.

मला काढलं नाही. का, ते मला नीट कळलेलं नाही. साहेब जाताना एवढंच म्हणाले, "तू गेलास तर हे सांगणारा जाईल." ब्लोअरचा पाइप रंगवला, लाल, लांबून दिसेल असा. कपाटाचं कुलूप काढलं.

मेस्त्री दीड-दोन महिन्यांनी आले. बारीक झालेले, हात थोडा थरथरतो. त्यांना त्या सकाळचं नारळापर्यंत आठवतं, पुढचं नाही. मी त्यांच्या पायावर डोकं ठेवायला गेलो, तर त्यांनी कान धरला. "तुझी चूक आसा, ती आसाच. पण मी देवाक सांगी होतंय आणि तुमी देवाक उत्तर दी होतास. टाकीक कोणीच इचारूक नाय."

आता गाऱ्हाणं दोन भागांत होतं. देवाचा भाग तोच, नारळ तोच, व्हय महाराजा तेच. मग मेस्त्री बाजूला होतात आणि मावशी विचारते. तिची अट एकच: ज्याचं काम त्याने त्या वस्तूला हात लावून सांगायचं. "ब्लोअर खंय?" मी पाइपवर हात ठेवतो, तो पाइप कुठे शिरलाय तिथवर चालत जातो आणि तिथून ओरडतो. मीटरवाला मीटर उचलून आकडा वाचतो. पहिले काही दिवस लोक हसले. बायल मेस्त्री झाली म्हणाले. मावशी म्हणाली, "हांस. हात लाव आनी हांस."

आणि एके दिवशी, पावसाळ्याच्या आधी, मी पाइपवर हात ठेवला तर पाइप ढिला लागला, हवा येत होती पण अगदी कमी. कुठेतरी फाटला होता. सगळे वाट बघत होते, उशीर झाला होता, ठेकेदार घड्याळ बघत होता. माझ्या तोंडात ते जुनं उत्तर आलं होतं, मी खोटं का सांगू. मग मी म्हणालो, "नाय महाराजा."

कोणीतरी फुटलंच हसून. देवाला नाही म्हणणारा घाटी. मग हसू विरलं. मेस्त्री आले, पाइप चाचपला, फाट सापडली. अर्धा दिवस काम बंद. ठेकेदार कुरकुरला. मेस्त्रींनी त्या दुपारी डब्यातला बांगडा पुन्हा मला काटे काढून दिला.

मावशीचं मनगट बरं झालंय. बांगड्या तिने पुन्हा भरल्या, हिरव्या. मी तिची माफी मागितली, ढकललं त्याची, शिव्यांची. म्हणाली, कसल्यो शिव्यो, म्हाका तुझी भास कळना. खोटं बोलली, तिला सगळं कळतं. फोनवर आईला मी अजून यातलं काही सांगितलेलं नाही. एवढंच सांगितलंय की इथे एक मावशी आहे.

तिच्या मुलाचं फिटरचं शिक्षण या वर्षी संपतं. त्याला समुद्रातल्या तेलाच्या कामावर जायचंय, पण सुरुवात आमच्याच यार्डात करेल, असं ती म्हणते. म्हणताना तिचा हात बांगड्यांवर जातो. तिचं ऋण मी दुसऱ्या कशाने फेडू शकत नाही, मला तेवढं येत नाही. पण तो ज्या दिवशी पहिल्यांदा टाकीत उतरेल, त्या दिवशी त्या तोंडाशी बालदीवर मी बसलेला असेन. त्याआधी ब्लोअरला हात लावलेला असेल, मीटर स्वतः वाचलेलं असेल. तीनदा ठोकेन, तो तीनदा ठोकेल. आणि तो वर येईपर्यंत, मावशी, तू किटली घेऊन आलीस तरी मी चहाला उठणार नाही.